चाखणं आणि नोंदवणं: बिअर महोत्सवात आणि परीक्षकांच्या टेबलावर

मंडळी, कोल्हापुरात बसून क्राफ्ट बिअरच्या महोत्सवांबद्दल बोलायचं, तर आधी प्रवासाचं आणि कायद्याचं बोलून घेऊ. आपल्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे पुणं. डूलाली या कंपनीने 2009 साली तिथे मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर बनवून तिथेच ताजी विकणारी छोटी ब्रुअरी, सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत ताज्या बिअरची गोडी असलेला मोठा वर्ग तिथे तयार झाला. दुसरीकडे बेंगळुरू आहे, आणि घाट उतरला की गोवा. यातल्या कुठेही स्वतः गाडी चालवत जाऊ नका. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि दिवसभर चाखल्यावर ती पाळली जाईल, हा भरवसा कुणीच देऊ शकत नाही. कोयना धरा, महालक्ष्मी धरा, एसटीने जा, मुक्काम करा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. गोवा आणि कर्नाटक या दोन्ही सीमा आपल्याला जवळच्या, त्यामुळे येताना दोन बाटल्या डिकीत टाकाव्यात असं वाटतं. उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय ते करू नका.

घरी बिअर बनवण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी 1978 साली सही केलेल्या कायद्याने घरगुती वापरासाठी ती मोकळीक मिळाली आणि 1979 पासून तिथे होमब्रूची, म्हणजे घरी बनवलेल्या बिअरची, राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. आज जगभर वापरली जाणारी परीक्षणाची पद्धत त्याच चळवळीतून आली. मग आपण ती का शिकायची? एक म्हणजे रेसिपी तुमची असेल, तर ती परवाना असलेल्या ब्रुअरीच्या टाकीत बनवता येते. दुसरं, आपली कितीतरी मुलं-मुली परदेशात आहेत आणि तिथे कायद्याने बिअर बनवतात, स्पर्धेत पाठवतात. आणि तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: ही पद्धत शिकलेला माणूस महोत्सवात गेला, की त्याच्या बोलण्याचा बनवणाऱ्याला उपयोग होतो.

बिअर आवडली किंवा आवडली नाही, एवढंच सांगणाऱ्याकडून ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, काहीच मिळत नाही. काय चुकलं आणि कुठल्या पायरीवर चुकलं, हे सांगता आलं पाहिजे. आपल्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तेव्हा व्यापारी रव्याचा तुकडा मोडतो, रंग आणि कणी बघतो, जिभेवर ठेवतो आणि पाक करपला होता की नाही ते ओळखतो. बिअरच्या बाबतीत आपल्याला हीच नजर कमवायची आहे.

महोत्सवात पहिलं गणित मिलीचं. डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये एका वेळी फक्त एक औंस, म्हणजे साधारण 30 मिली ओततात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 60 ते 100 मिलीचा ग्लास असतो. 60 मिलीचे 15 नमुने घेतले तर 900 मिली झाले, म्हणजे साडेसहाशेची एक मोठी बाटली आणि वर आणखी पाव लिटर. बिअर 6 टक्क्यांची धरली, तर 54 मिली शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं. म्हणून आठ-दहा नमुने ठरवून जा, बाकीच्यांचा नुसता वास घ्या. उरलेली बिअर ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला संकोच करू नका. दर दोन नमुन्यांमागे एक ग्लास पाणी प्या.

क्रमही महत्त्वाचा. हलकी लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर) आणि गव्हाची बिअर आधी, मग पेल एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर), मग कडवट आयपीए, त्यानंतर काळी, भाजक्या चवीची स्टाउट. आंबट आणि धुरकट बिअर अगदी शेवटी. आयपीएचा कडवटपणा जिभेवर बसला, की मागून आलेली पिल्सनर, म्हणजे फिकट लागर, पाण्यासारखी लागते आणि आपण तिला विनाकारण नावं ठेवतो.

त्या दिवशी सकाळी मिसळ नको. हे कोल्हापुरात सांगणं अवघड आहे, पण कटाचा तिखटपणा आणि कांदा-लसूण मसाल्याचा वास तोंडात तासन्‌तास राहतो. तांबडा रस्सा रात्रीसाठी राखून ठेवा. पान, तंबाखू, बडीशेप, अत्तर, वासाचं हँडवॉश हे सगळं टाळा. दोन बिअरच्या मध्ये साधा, लोणी न लावलेला पाव खावा. फरसाण नको, त्याचं तेल ओठांवरून ग्लासात जातं आणि फेस बसतो. फेस लगेच बसला म्हणून बिअरला दोष देण्याआधी ग्लास बघा. धुण्याची पावडर किंवा तेलाचा अंश राहिला असेल, तर काचेच्या आतल्या बाजूला जागोजाग बुडबुडे चिकटलेले दिसतात.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे वळू. ग्लास हातात आला की आधी वास घ्या, रंग नंतर बघितला तरी चालतो. गंधकाचे आणि उकडलेल्या मक्याचे वास ओतल्यावर पहिल्या मिनिटात सर्वांत स्पष्ट असतात, मग उडून जातात. दोन-तीन छोटे हुंगे पुरेत. नाक थकलं, की स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा ठिकाणावर येतं. बिअर फार गार असेल, तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून थोडी कोमट होऊ द्या. गारव्याने दोष झाकले जातात. लागर 5 ते 7 अंशांवर, एल 8 ते 12 वर आणि जड स्टाउट 12 ते 14 वर नीट कळते. मग छोटा घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. चवीचा मोठा भाग या शेवटच्या श्वासात कळतो. घाईत पुढच्या ग्लासाकडे वळणारे लोक नेमका हाच भाग गमावतात.

दोषांवर मी जरा जास्त थांबणार आहे. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा म्हणजे डायअसिटिल. आंबताना यीस्ट तो तयार करतं आणि काम पूर्ण करू दिलं तर स्वतःच पुन्हा शोषून घेतं. बिअर यीस्टवरून लवकर काढली किंवा लवकर गार केली, की तो मागे राहतो. लागर बनवताना शेवटी दोन-तीन दिवस तापमान 16 ते 18 अंशांवर नेतात ते याचसाठी. पण महोत्सवात एक खुबी लक्षात ठेवा: तीच बिअर एका नळातून लोण्याच्या वासाची आणि दुसऱ्यातून स्वच्छ येत असेल, तर ब्रुअर निर्दोष आहे. नळीत जिवाणू वाढले आहेत. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायला हव्यात, आणि तात्पुरत्या मांडवात नेमकं तेच राहून जातं.

उकडलेल्या कणसाचा वास हा डीएमएसचा, म्हणजे डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त द्रव्याचा. फिकट पिल्सनर माल्टमध्ये (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) त्याचं मूळ द्रव्य जास्त असतं, उकळताना त्याचं डीएमएस होतं आणि वाफेबरोबर निघून जातं. झाकण ठेवून उकळलं, 60 ते 90 मिनिटं पूर्ण केली नाहीत, किंवा नंतर गार करायला वेळ लावला, की तो वास आतच अडकतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास असेल तर बिअर कोवळी आहे, तिला यीस्टवर आणखी काही दिवस हवे होते. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे ऑक्सिजन लागला, आणि उष्णतेने ते काम झपाट्याने होतं. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत दुपारभर पडलेली बाटली चाखली, तर ब्रुअरबद्दल मत बनवू नका. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीवर ऊन पडलं, की हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) कडू द्रव्यं फुटतात आणि उग्र, कुजकट वास येतो. त्याला काही मिनिटंही पुरतात. तपकिरी बाटली वापरतात ती म्हणूनच.

दवाखान्याचा, जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास आला, तर संशय पाण्यावर घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा माल्टमधल्या फिनॉलशी संयोग होतो आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही तो जाणवतो. नुसतं क्लोरीन उकळून किंवा कार्बन फिल्टरने जातं. क्लोरामाइन मात्र उकळून जात नाही, त्याला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं. याची एक कॅम्पडन गोळी सुमारे 75 लिटर पाण्याला पुरते. घशाला चटका देणारा, स्पिरिटसारखा झोंबणारा अल्कोहोल म्हणजे आंबवण्याच्या खोलीचं तापमान हाताबाहेर गेलं. बहुतेक एल यीस्टला 18 ते 20 अंश हवेत. आपल्या उन्हाळ्यात थंड करणारी टाकी नसेल, तर हा दोष ठरलेलाच.

आणि लवंगेचा वास? जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग हवेतच, तिच्या यीस्टचं ते देणं आहे. तोच लवंगेचा वास पिल्सनरमध्ये आला, तर बाहेरचं यीस्ट शिरलं. म्हणून आधी शैली, म्हणजे बिअरचा प्रकार, विचारा, मगच दोष म्हणा.

हे वास पुस्तकातून कळत नाहीत. घरी सराव करा, त्याला बाजारातल्या साध्या लागरच्या 330 मिलीच्या बाटल्या पुरतात. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून बटर इसेन्स आणा आणि एका बाटलीत दोन थेंब टाका. इसेन्सची तीव्रता कंपनीगणिक बदलते, तेव्हा पुरेसा वाटला नाही तरच वाढवा. दुसरीत पाऊण चमचा व्हिनेगर. आठ लवंगा 90 मिली बिअरमध्ये भिजवून ठेवा आणि त्यातले चार चमचे तिसरीत घाला. मक्याच्या डब्यातलं पाणी चौथीत, थोडं थोडं करून. हिरव्या बाटलीतली बिअर तासभर गच्चीवर उन्हात ठेवा. एक बाटली काहीही न घालता बाजूला ठेवायला विसरू नका, कारण तुलना तिच्याशीच करायची. ग्लासांना नंबर द्या, कशात काय आहे ते एकालाच माहीत असू द्या आणि लिहून होईपर्यंत कुणी बोलू नका. एकाने मोठ्याने ‘लोणी’ म्हटलं, की सगळ्यांना लोणीच लागतं.

स्पर्धेतही टेबलावर हाच नियम असतो. बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम) ही 1985 पासूनची बिअर परीक्षकांची संस्था, आणि तिची गुणपत्रिका 50 गुणांची: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला स्पर्श 5 आणि एकूण प्रभाव 10. रूपाला फक्त तीन, हे मला फार योग्य वाटतं. सुंदर फेसाच्या वाईट बिअर पुष्कळ असतात. 45 पासून असामान्य, 38 पासून उत्कृष्ट, 30 पासून खूप चांगली, 21 पासून चांगली. 13 आणि त्याखाली गंभीर दोष. परीक्षक आधी स्वतंत्र लिहितात, मग चर्चा करतात, आणि गुणांमधला फरक सातच्या आत आणतात.

गुणांपेक्षा शेरा मोलाचा. ‘छान, पण थोडी विचित्र’ हा शेरा वाया गेलेला कागद आहे. असं लिहा: ‘ओतताच मध्यम तीव्रतेचा उकडलेल्या मक्याचा वास, कोमट झाल्यावर कमी. माल्टची पावासारखी गोडी चांगली, हॉप्सचा वास फार हलका. शेवट स्वच्छ आणि कोरडा. उकळताना झाकण पूर्ण काढलं होतं का, आणि गार करायला किती वेळ लागला, ते तपासावं.’ यात काय आहे, किती आहे, कधी जाणवलं आणि पुढे काय करायचं, हे सगळं आलं. कारणाची खात्री नसेल तर प्रश्न विचारा, आरोप करू नका. आणि चांगलं काय आहे ते आधी लिहा. महिनाभर खपून बनवलेल्या बिअरला तेवढा मान द्यायलाच हवा.

प्रवेशिका पाठवणाऱ्यांसाठी थोडं. बाटल्या साधारण 300 ते 400 मिलीच्या, तपकिरी, कोणतंही लेबल नसलेल्या लागतात. बुचावरही खूण चालत नाही. प्रवेशिकेचा कागद गोंदाने चिकटवू नका, रबरबँडने अडकवा, म्हणजे परीक्षणाआधी काढता येतो. बाटली भरण्यापूर्वी हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचं) माप तीन दिवस स्थिर आहे ना, ते बघा. आंबणं बाकी असताना साखर घालून बूच लावलं, तर दाब वाढून बाटली फुटते आणि माणूस जखमी होऊ शकतो. बाटलीत फेसासाठी घालायच्या साध्या साखरेचं प्रमाण लिटरला सुमारे 6 ग्रॅम.

बरेच गुण बिअरमुळे जात नाहीत, फॉर्ममुळे जातात. आपल्या मातीतली कल्पना म्हणून गूळ घातला आणि फॉर्मवर नुसतं ‘पेल एल’ लिहिलं, तर परीक्षकाला तो खारट-खनिज स्वाद दोष वाटणार. 2021 च्या शैलीपुस्तिकेत वेगळ्या साखरेच्या बिअरला 31बी असा स्वतंत्र वर्ग आहे. तिथे मूळ शैली लिहा आणि गूळ कोणता तेही लिहा. गूळ निवडताना पिवळाधमक टाळा, त्याचा रंग बहुधा हायड्रॉस पावडरने उजळलेला असतो आणि गंधकाचा अंश बिअरमध्ये उतरू शकतो. गडद गूळ घ्या, उकळीच्या शेवटी घाला, आणि आंबणाऱ्या एकूण साखरेच्या 5 ते 10 टक्क्यांवर थांबा. गूळ जवळजवळ पूर्ण आंबतो, त्यामुळे जास्त झाला की गोडी वाढण्याऐवजी बिअर पातळ आणि कोरडी होते.

स्पर्धेत पहिल्यांदा जाणाऱ्याने थेट परीक्षक होण्याची घाई करू नये. स्टुअर्ड, म्हणजे परीक्षकांचा मदतनीस, म्हणून नाव द्या. बाटल्या थंड ठेवणं, नंबर ताडून टेबलावर आणणं, पत्रिकांवरची बेरीज तपासणं ही त्याची कामं, आणि बेरजेच्या चुका खरंच खूप निघतात. परीक्षकांचं झालं, की उरलेल्या बाटलीतला एक घोट स्टुअर्डलाही मिळतो. तो घ्या, आपला शेरा आपल्या वहीत लिहा, आणि मगच त्यांनी काय लिहिलं ते वाचा.