बसलेला बैल

(पडद्यावर: सकाळ. नागपूरच्या महाल भागातली गल्ली. अजून कोणी दिसत नाही, फक्त चाकांची घरघर ऐकू येते.)

हा आवाज कसला, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. लाकडी चाकं, सिमेंटचा रस्ता आणि दोरीच्या शेवटी सागवानी नंदी. पोळा काल झाला. आज तान्हा पोळा. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा मान असतो, दुसऱ्या दिवशी पोरांच्या बैलांचा. भोसल्यांच्या राज्यात, दुसऱ्या रघुजींच्या काळापासून हा सण चालत आला, असं शहर सांगतं. मोठ्यांचा सण पोरांच्या मापाला बेतून द्यावा, हे ज्याला सुचलं त्याला पोरं कळत होती, एवढं नक्की.

इतवारीच्या बाजारातले नंदी देखणे असतात. वशिंड घोटीव, डोळे काळेभोर, शिंगांना बेगड. पण ते दुसऱ्या कोणाच्या हातचे. आपण पाच दिवस मागे जाऊ, एका बालवाडीच्या व्हरांड्यात. इथे अडीच ते पाच वर्षांची पोरं आपापला बैल करायला बसली आहेत.

(पडद्यावर: पाटावर मातीचे गोळे. चिखलात बुडालेले छोटे हात.)

माती चितार ओळीतून आली आहे. गणपती तोंडावर आलेत, तिथे गल्लीभर मूर्ती उभ्या आहेत. ताईंनी एका कारागिराकडून घमेलंभर माती मागून आणली. पहिल्या वर्षी त्यांनी शेतातली काळी माती घेतली होती. मळायला लोण्यासारखी. पण आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, तशाच त्या बैलांनाही पडल्या. पोळ्याच्या सकाळी पाटावर बैल नव्हते, नुसती डोकी आणि पाय होते, आणि रडारड. आता काळी माती वापरायचीच झाली, तर तीत वाळू आणि मूठभर कुटार, म्हणजे भुसा, मिसळतात. कुटार मातीला धरून ठेवतं. हे शास्त्र कुडाची भिंत लिंपणाऱ्या बायांना कधीपासून ठाऊक आहे.

मिठाच्या कणकेचंही ऐकून घ्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. कृती सोपी, आणि मोबाइलवर फार छान दिसते. पण पोळा येतो भर पावसाळ्यात. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि बैल तिसऱ्या दिवशी घामाघूम होऊन बसतो. दुसरं म्हणजे दोन वर्षांचं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं, आणि इतकं मीठ त्याच्या पोटात जाणं धोक्याचं आहे. तान्ह्यांना आपली साधी पोळीची कणीक द्यावी. तेलाचा हात लावून. बैल झाला तर झाला, नाहीतर साप होतोच.

सगळ्यांचा आधी सापच होतो. तळहाताखाली गोळा पुढे-मागे लोळवायचा, ही पहिली क्रिया. मग दोन तळव्यांत गरगर फिरवून लाडू. मग अंगठा आणि पहिलं बोट जोडून चिमटा काढायचा, म्हणजे कान आले, शिंगं आली. या चिमटीतूनच पुढे पेन्सिल धरली जाते. आई-बाप विचारतात, अक्षरं कधी गिरवायला लावणार? ताई मातीकडे बोट दाखवतात.

(पडद्यावर: एका मुलाचा बैल. पाय फाकतात. बैल पोटावर बसतो.)

इथे थोडं थांबू या, कारण खरी गंमत इथे आहे. बैलाला उभं करणं हे चार वर्षांच्या माणसासाठी मोठं काम आहे. धड जड, पाय काडीसारखे. उभा केला की फाकतो. पाय जाड केले की रणगाडा दिसतो. काड्या खुपसल्या की काडीवरून माती सरकते. हा पोरगा तीनदा करून पाहतो. मोठ्या माणसाचे हात अशा वेळी शिवशिवतात. कॅमेरा धरलेल्या आमच्या मित्राचेसुद्धा शिवशिवले, हे कबूल करतो. ताईंनी मात्र हात पाठीमागे बांधले आहेत. नीट पाहा, खरंच बांधले आहेत.

चौथ्यांदा बैल बसला, तेव्हा ताईंनी एवढंच विचारलं, "काय झालं रे?"

"बसला तो."

"काहून बसला?"

पोरगा बैलाकडे बघतो, ताईंकडे बघतो. मग म्हणतो, "त्याची सुट्टी हाय न, ताई. पोळ्याले काम नाही करत तो."

खरंच आहे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या संध्याकाळी खांद्याला तूप-हळद चोळून त्याला आवतण देतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास. हे या पोराला आजीने कधीतरी सांगितलं असणार, आणि नेमकं आज ते कामी आलं. ताईंनी त्या बैलाचे पाय सरळ करून दिले असते, तर हे वाक्य कोणाला ऐकायला मिळालं असतं?

(पडद्यावर: रंगाच्या वाट्या.)

आता सजावट. रंगाचं थोडं जपून. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा सरकारने 2016 च्या नियमांनी दहा लाखांत 90 भाग इतकी आणली. पण माळ्यावरचा जुना डबा त्याआधीचा असू शकतो, तो पोरांच्या बैलाला लावू नये. त्यापेक्षा हळद, गेरू, चुलीचा कोळसा. हळदीचा एक खेळ मोठ्या गटात दरवर्षी होतो. पांढऱ्या फडक्याला हळदीचं पाणी लावून वाळवायचं. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघ ओढायची. पिवळ्यावर लाल उमटतं. त्या लालवर लिंबू पिळलं, की पुन्हा पिवळं. मुलं याला जादू म्हणतात. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल का होतो, हे आपणही कधी विचारलेलं नसतं.

तेच फडकं झूल होतं. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचा शिक्का तयार. गेरूत बुडवायचा आणि उमटवायचा. एक गेरूचा, एक कोळशाचा, पुन्हा गेरूचा. हा क्रम न चुकता पुढे नेणं म्हणजेच गणिताची सुरुवात, पण ते पोरांना सांगायची गरज नाही.

सगळ्यांत लहान मुलांना माळ ओवायला मणी देत नाहीत, घुंगरूही नाहीत. साधारण तीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून जे जे खाली पडेल, ते ते तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतं. म्हणून त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या जुन्या बांगड्या आणि जाड कासरा. ओवलं की खळखळ वाजतं, मुलं खूश. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं, तेव्हा परदेशी पद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून परिसरातले शिंपले, बिया, दगडगोटे मुलांच्या हातात दिले. बांगड्या त्याच घराण्यातल्या.

(पडद्यावर: कागदाचे कपटे. उंच काडीवर काळा कागदी चेहरा.)

आणि नागपुरात तान्हा पोळा म्हणजे मारबतही, रोगराई आणि इडापिडा घेऊन जाणारा बाईचा पुतळा. काळी आणि पिवळी, दोन्हींच्या मिरवणुका त्याच दिवशी निघतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. बालवाडीची मारबत हातभर उंच. जुनी वर्तमानपत्रं टराटरा फाडायची, हे काम अडीच वर्षांच्या मंडळींना सगळ्यांत जास्त आवडतं. चिकटवायला खळ. दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. बाइंडिंगवाले तीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, ते इथे चालणार नाही. आपली खळ दोन दिवसांत आंबेल. आंबू द्या, पुन्हा करता येते.

मग प्रत्येकाने सांगायचं, मारबतीने काय घेऊन जावं. डास. खोकला. इंजेक्शन. एकीने सांगितलं, दुपारची झोप. ताईंनी काही न बोलता मारबतीच्या पोटावर तेही लिहिलं. "घेऊन जा गे मारबत" या आरोळीला शेजारच्या घरातली मांजर पळाली.

झडत्यांशिवाय, म्हणजे पोळ्याला जोरात म्हणायच्या यमकांच्या ओळींशिवाय, पोळा सुटत नाही. जुन्या पाठ करून घेता येतात, पण ताई नव्या जुळवायला लावतात. पहिली ओळ त्यांची, पुढची पोरांची:

मातीच्या बैलाले पाय होते चार,
एक गेला तुटून, कसा चढंल पार?

आणि मग सगळे मिळून, छत उडेल इतक्या जोरात, हर बोला हर हर महादेव.

(पडद्यावर: पुन्हा तीच गल्ली. चाकांची घरघर आता जवळ.)

तान्ह्या पोळ्याची सकाळ. कोणी शेतकरी झालंय, कोणी महादेव. मिशा घामाने पसरल्या आहेत. काही घरांत रात्री अकरापर्यंत आयांनी बैल रंगवले, ते लांबूनही ओळखू येतात. फार सरळ उभे आहेत.

आपला पोरगा सगळ्यांत मागे. त्याच्या बैलाला चाकं नाहीत, उठायची इच्छाही नाही. म्हणून चपलांच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडून दोरी बांधली आहे, खाली पळसाची पानं अंथरली आहेत, आणि बैल त्यात आरामात बसून निघाला आहे. भेंडीच्या फुलांची झूल एका बाजूला घसरली आहे.

पहिलंच दार उघडतं. आजी वाकून बैलाला ओवाळतात, बोजारा म्हणून दहाची नोट खोक्यात ठेवतात.

"बैल काहून बसला रे तुझा?"

पोरगा दोरी आवळतो. उत्तर त्याच्याकडे पाच दिवसांपासून तयार आहे.