धवलला झाड म्हणायचं का?

बेळगावहून जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालात की थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या उतारावर हे असे पांढऱ्या फुलांचे तुरे दिसायला लागतात, माणसाच्या डोक्यावर जातील एवढे उंच. आमच्यातल्या एकानं विचारलं, "मामा, हे कसलं झाड हो?" मामा म्हणाले, "झाड कुठलं आलंय, धवल हाय ती. ढकलून बघ की."

ढकललं तर खालपासून वरपर्यंत सगळी डोलली.

धवल म्हणजे लोबेलिया, बेलफ्लॉवरच्या फॅमिलीतली. फॅमिलीचं नाव घंटेवरून, पण हिचं फूल जवळून बघा, घंटा नाहीच, वरच्या बाजूनं उभी चिरलेली नळी आहे. पानं लांबट, अगदी निपाणीच्या तंबाखूसारखी, म्हणून रानतंबाखू पण म्हणतात (तंबाखूशी नातं काही नाही, ती वांग्या-मिरचीच्या घरातली). पान मोडलं की दुधासारखा चीक येतो, त्यात लोबेलीन असतं, निकोटीनसारखंच काम करणारं, त्यामुळं विषारी.

आता हे वाळलेलं खोड. वाजवून बघा, पोकळ! खानापूरच्या जंगलातला सागवान कापला तर आत कडी दिसतात, कारण सालीखालचा थर वर्षानुवर्षं नवीन लाकूड घालत जातो, तेच लाकूड वजन पेलतं आणि पाणी वर नेतं. धवल तो खर्च करतच नाही, पटकन उंच व्हायचं, फुलायचं, बारीक बी उडवायचं आणि तो दांडा तिथंच वाळून जाणार.

पण गंमत म्हणजे हिचेच भाऊबंद हवाईच्या बेटांवर चक्क झाडं झालेत, लाकूड बिकूड सगळं. तिथं शंभरावर जाती आहेत आणि त्या सगळ्या लाखो वर्षांपूर्वी बेटावर पोचलेल्या एकाच पूर्वजाच्या, असं शास्त्रज्ञ सांगतात. आणि केनियाच्या डोंगरावर, चार हजार मीटरच्या आसपास, एका लोबेलियाच्या पानांच्या वाटीत पाणी साठतं, रात्री वर बर्फाची पापडी धरते पण खालचं पाणी गोठत नाही, कोंब वाचतो.

हे सगळं मामांना सांगितलं. "तिकडं असंल," म्हणाले, "तू पहिला हात धू, चिकाचा हात डोळ्याला लावलास तर बोंबलत बसशील."