तीस जानेवारी मार्गावरचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

दिल्ली पाहायला निघालेल्या मंडळींच्या यादीत लाल किल्ला असतो, कुतुबमिनार असतो आणि राजघाट असतो. राजघाटावर हात जोडले की गांधीजींचं दर्शन झालं, असं समजून लोक आग्र्याच्या गाडीत बसतात. राजघाट ही समाधी. 31 जानेवारी 1948 ला तिथे अग्निसंस्कार झाला. आदल्या संध्याकाळी जिथे गोळ्या झाडल्या गेल्या, ती जागा तिथून सहा-सात किलोमीटरवर आहे. त्या घराचं नाव तेव्हा बिर्ला हाऊस होतं, आता गांधी स्मृती आहे. रस्त्याचं जुनं नाव अल्बुकर्क रोड, आताचं तीस जनवरी मार्ग. आज मी याच घराबद्दल बोलणार आहे.

आधी पोचायचं कसं ते सांगतो, कारण घोटाळा तिथेच होतो. रिक्षावाल्याला नुसतं 'गांधी म्युझियम' म्हणालात, तर तो राजघाटासमोरच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयापाशी नेऊन सोडेल. तेही पाहण्यासारखं आहे, पण ते दुसरं. म्हणून नाव पूर्ण सांगा: गांधी स्मृती, तीस जनवरी मार्ग. मेट्रोने जायचं तर पिवळ्या मार्गिकेवर लोककल्याण मार्ग स्थानकावर उतरा आणि पुढे रिक्षा करा. प्रवेशाला तिकीट नाही. वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 5, सोमवारी बंद. हाताशी निदान दोन तास ठेवा.

आत शिरताच एक मोठा पुतळा दिसतो. गांधीजी, शेजारी एक मुलगा आणि एक मुलगी, हातात कबुतर. हे काम राम सुतारांचं, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या शिल्पकाराचं. तिथे पाच मिनिटं अवश्य थांबा.

आता महत्त्वाची गोष्ट, क्रमाची. बहुतेक लोक आत येतात, हिरवळीवरून सरळ, गोळ्या लागल्या त्या जागेवरच्या स्तंभाकडे जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. मग त्यांना वाटतं, एक खांब तर पाहिला. असं करू नका. आधी खोली पाहा, मग पाऊलवाट आणि शेवटी स्तंभ. पुन्हा सांगतो: खोली, वाट, स्तंभ. गांधीजी त्या संध्याकाळी ज्या क्रमाने गेले, तोच हा क्रम आहे.

खोली साधी आहे. जमिनीवर गादी, पाठीला तक्क्या, पुढ्यात बुटकं लिहायचं मेज, जवळ चरखा. 9 सप्टेंबर 1947 पासून पुढचे 144 दिवस गांधीजींनी याच घरात काढले. दिल्ली निर्वासितांनी भरली होती, दंगली चालल्या होत्या. 13 जानेवारीला त्यांनी उपोषण सुरू केलं आणि सगळ्या पक्षांच्या, सगळ्या धर्मांच्या लोकांनी शांततेची हमी दिल्यावर 18 तारखेला सोडलं, ते याच घरात. पुढच्या दोनच दिवसांत, 20 जानेवारीला, प्रार्थनेच्या वेळी खुनाच्या कटातल्या मदनलाल पाहवाने बागेच्या भिंतीपाशी स्फोट घडवला. कुणाला इजा झाली नाही. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी असं पोलिसांचं म्हणणं होतं, गांधीजींनी साफ नकार दिला. इकडे मुंबईत, रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून ऐकलेलं सगळं सरकारच्या कानावर घातलं. दहा दिवस हातात होते. ते कसे वाया गेले, याचा तपास पुढे 1966 मध्ये कपूर आयोगाकडे गेला. हे सगळं घरून वाचून जा, कारण भिंतीवरच्या फलकांतून इतकं हाती लागत नाही.

आता 30 जानेवारी. शुक्रवार. दुपारी काठियावाडचे दोन पुढारी भेटीची वेळ मागत होते. गांधीजींसोबत राहणाऱ्या, नात्याने नात लागणाऱ्या मनूने निरोप आणला तेव्हा बापू म्हणाले, जिवंत राहिलो तर प्रार्थनेनंतर फिरताना बोलेन, त्यांना सांग.

चार वाजता सरदार पटेल आले, बरोबर मुलगी मणिबेन. नेहरू आणि पटेल यांच्यात मतभेद वाढले होते आणि पटेलांनी बाहेर पडावं का, हा प्रश्न होता. गांधीजींचं मत ठरलं होतं की देशाला दोघेही हवेत. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर नेहरू आणि मौलाना आझाद यायचे होते. बोलता बोलता गांधीजींचं जेवणही चाललं होतं: शेळीचं दूध, कच्च्या आणि उकडलेल्या भाज्या, संत्री. बोलणं इतकं रंगलं की पाच वाजून गेले. प्रार्थना पाचची. वेळेच्या बाबतीत गांधीजी किती कडक होते, हे आपल्याला ठाऊक आहे. मध्ये बोलायचं धाडस कुणाला होईना. नात्याने नातसून लागणाऱ्या आभाने त्यांचं घड्याळ उचलून त्यांच्यासमोर धरलं, तरी लक्ष गेलं नाही. अखेर मणिबेननी वडिलांना थांबवलं. गांधीजी उठले आणि सरदार घरी निघाले.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. एका बाजूला मनू, दुसऱ्या बाजूला आभा, दोघींच्या खांद्यावर हात. या मुलींना ते आपल्या काठ्या म्हणत. एरवी पुढे चालणाऱ्या डॉक्टर सुशीला नय्यर त्या दिवशी पाकिस्तानात, बहावलपूरला गेल्या होत्या. उशीर झालेला, म्हणून आडवळण टाळून गांधीजी हिरवळीवरून सरळ निघाले. चालता चालता आभाशी थट्टा चालली होती. तिने कच्चं गाजर आणलं होतं, तर हा गुरांचा चारा झाला, असं ते म्हणाले. आभा म्हणाली, बा तर याला घोड्याचा खुराक म्हणायच्या. मग तिने घड्याळाची आठवण काढली: तुमचं घड्याळ आज रुसलं असेल, तुम्ही त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, तुम्ही असताना मी घड्याळ कशाला पाहू? मग मात्र त्यांचा सूर बदलला. प्रार्थनेला एक मिनिटाचाही उशीर झालेला मला खपत नाही, असं म्हणून ते गप्प झाले. प्रार्थनेच्या चौथऱ्यापाशी पोचताना थट्टा आणि बोलणं थांबवायचं, हा त्यांचा शिरस्ताच होता.

श्रोतेहो, इथे एक बारकावा लक्षात ठेवा. पायऱ्या चढून वर आल्यावर लोकांनी वाट करून दिली आणि नमस्कार केले. उलट नमस्कार करायला गांधीजींनी दोन्ही हात मुलींच्या खांद्यावरून काढले. त्याच क्षणी गर्दीतून नथुराम गोडसे पुढे आला. तो पाया पडायला आला असं समजून मनूने त्याला अडवलं, आधीच उशीर झालाय म्हणाली. त्याने तिला ढकललं. तिच्या हातातली जपमाळ, वही आणि पिकदाणी खाली पडली. ती उचलायला मनू वाकली आणि तीन गोळ्या सुटल्या. वेळ 5 वाजून 17 मिनिटं.

हा सगळा प्रवास आज त्या बागेत सिमेंटच्या उठावदार पाऊलखुणांनी दाखवलाय. खोलीपासून निघतात आणि स्तंभापाशी संपतात. पाऊलखुणांवर पाय देऊ नका, त्यांच्या बाजूने चाला. काही जण फोटोसाठी त्यावर उभे राहतात, ते बरं दिसत नाही. सावकाश चालत जा. गाजराची थट्टा कुठे झाली असेल, गप्प कुठे झाले असतील, याचा अंदाज आपोआप येतो. वाट काही मिनिटांतच संपते आणि इतक्या थोड्या अंतरात काय काय घडलं, ते पायांना कळतं.

आपण मराठी लोकांनी तिथे आणखी एक गोष्ट आठवावी. गोडसे आणि कटातला त्याचा साथीदार आपटे पुण्यातून तिथे गेले होते, दुसरा साथीदार करकरे नगरचा. आणि खुनानंतर आपल्याच महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, निरपराध माणसं मारली गेली. दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासातल्या आहेत. मुलांना सांगायच्या तर दोन्ही सांगाव्यात, एक सांगून दुसरी गाळू नये.

मुलांवरून आठवलं. शाळांच्या सहली इथे येतात आणि मुलं मान खाली घालून फलकांवरच्या तारखा वहीत उतरवतात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, वह्या बसमध्ये ठेवा. तारखा पुस्तकात मिळतात, ती वाट पुस्तकात नाही.

वरच्या मजल्यावर 2005 मध्ये उघडलेलं मल्टिमीडिया दालन आहे. पडदे, दिवे, हात लावून चालवायची यंत्रं. मुलांना ते फार आवडतं, आणि अडचण तीच आहे. आधी तिकडे गेलात तर मुलं तिथेच रमतात आणि खोलीसाठी वेळ उरत नाही. म्हणून ते शेवटी. दुपारी अडीचच्या आत पोचलात तर सगळं नीट होतं. उन्हाळ्यात मात्र सकाळीच जा, पाऊलवाट उघड्यावर आहे. 30 जानेवारीला तिथे प्रार्थनासभा असते, त्यामुळे निवांत पाहायचं असेल तर ती तारीख टाळा.

आकाशवाणीवरून बोलतोय, तर हेही सांगायला हवं. प्रार्थनेनंतरची गांधीजींची भाषणं आकाशवाणी त्या बागेत ध्वनिमुद्रित करत असे. स्वतः ते आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर एकदाच आले, 12 नोव्हेंबर 1947 ला, कुरुक्षेत्रातल्या निर्वासितांशी बोलायला. त्या प्रार्थनासभांच्या मुद्रणातलं जे ऐकायला मिळेल, ते जाण्याआधी ऐका. आवाज हळू आहे, थकलेला आहे, पण एकेक वाक्य स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर राजघाटासमोरच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात जा. रक्ताचे डाग पडलेलं धोतर आणि एक गोळी तिथे आहे, गांधी स्मृतीत नाही. अनेक जण ते इथे शोधतात आणि निराश होतात. आणि गांधी स्मृतीपासून जवळच, 1 सफदरजंग रोडवर, इंदिरा गांधींचं घर आहे. 31 ऑक्टोबर 1984 ला त्या ज्या वाटेने गेल्या, ती काचेने झाकली आहे, त्यांची साडीही जपून ठेवली आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही घरं एका दिवसात पाहू नयेत, मन दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत बधिर झालेलं असतं.

आणि हे परत एकदा, विसरू नका: तिन्ही ठिकाणी सोमवारी सुट्टी असते. दिल्लीची तिकिटं काढताना आधी वार पाहा.