सकाळी भरती, संध्याकाळी घरी

(दृश्य : खानापूरहून बेळगावकडे येणारी पहाटेची बस)

या बसमधील मामा काल रात्रीच्या जेवणानंतर उपाशी आहेत. जांघेतील हर्नियाची, म्हणजे गावाकडे ज्याला अंतर्गळ म्हणतात त्याची, शस्त्रक्रिया करून घेऊन त्यांना आज संध्याकाळीच घरी परतायचे आहे. ही पद्धत नवी नाही. ग्लासगो येथील शल्यविशारद जेम्स निकोल यांनी १९०९ साली बाह्यरुग्ण विभागात लहान मुलांवर झालेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत हर्नियाच्याही होत्या, आणि लहान मुलाची शुश्रूषा आई घरीच अधिक चांगली करते, असे त्यांचे मत होते. शुश्रूषेचे काम घरावर सोपवायचे, तर घराला सूचना कळल्या पाहिजेत.

(दृश्य : तपासणीचे टेबल, परिचारिका आणि मामा)

"मामा, सकाळपासून पोटात काय गेलंय काय? चहा?"
"न्हाई. गोळीबरोबर पाणी, दोन घोट."

हे दोन घोट चालतात, कारण रक्तदाबाची नेहमीची गोळी डॉक्टरांनीच घ्यायला सांगितली होती. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेतल्यास साखर उतरते, म्हणून ती त्या सकाळी बहुधा थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय मात्र काही दिवस आधीच घ्यावा लागतो. हलके जेवण सहा तास आधी, तळलेले असेल तर आठ तास आधी, आणि साधे पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. पेज आणि दुधाचा चहा पातळ दिसले तरी ते अन्नातच मोडतात. भूल दिल्यावर खोकून घसा मोकळा करण्याची शरीराची सवय मंदावते, आणि पोटातले उलटून फुप्फुसात जाऊ शकते. मणक्यातून भूल देण्याचे ठरले असले तरी ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते, म्हणून उपवास तिथेही सुटत नाही. पेज पिऊन आलेल्या माणसाला परत पाठवतात. त्याची मजुरी आणि गाडीभाडे बुडते.

(दृश्य : करदोड्याची गाठ, जवळून)

अंगठी निघाली, पण कमरेच्या करदोड्याची गाठ परिचारिकेला सुटेना, तेव्हा मामी पुढे झाल्या. शस्त्रक्रियागृहात कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. स्नायूंतील कमकुवत जागेवर जाळी बसवून मामांना बाहेर आणले, एवढेच सांगता येईल.

(दृश्य : पायाची हलणारी बोटे, मग मामींच्या हातातील कागद)

मणक्यातून दिलेल्या भुलीमुळे काही तास पाय जड राहतात. बोटे हलू लागली, आधाराने चालता आले, पाणी पोटात ठरले आणि लघवी झाली, म्हणजे घरी सोडतात. सोडताना मिळालेला हा कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे. मामी गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. पुढचा आठवडा मामांची काळजी त्यांनीच घ्यायची आहे. परिचारिका खाटेच्या कडेला बसून एकेक ओळ मराठीत समजावते आणि मामी ती मागोमाग म्हणतात, कारण लिहून घ्यायला दुसरा कागद नाही. हे परिचारिकेच्या नेमून दिलेल्या कामात मोडत नाही, आणि उद्या तिच्या जागी दुसरी कोणी असेल.

चोवीस तास गाडी चालवायची नाही, व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही, आणि घरात जाणते माणूस हवे. खोकताना जखमेवर हात दाबून धरायचा. ताप, वाढती सूज, जखमेतून पू, लघवी तुंबणे, किंवा उठून बसताच चढणारी आणि आडवे होताच उतरणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता फोन करायचा.

(दृश्य : अंगणातील रताळ्यांची पोती)

ही पोती मामांनी सहा आठवडे तरी उचलायची नाहीत. फेरतपासणी पुढच्या आठवड्यात आहे; कागदावरची ती तारीख तेवढी मामींना स्वतः वाचता आली.