पाणी ओतू नका, भाजी उचला

(सोलापुरातल्या एका भिशी मंडळाच्या दुपारच्या बैठकीतलं बोलणं, थोडं संपादित करून.)

नमस्कार. पालकावर एवढं बोलण्यासारखं काय आहे, असं मघाशी मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. ऐकलंय मी. फार नाही बोलणार. पण पालकाच्या बाबतीत आपलं उलटं चालतं. गॅसवर तो तीन-चार मिनिटांचा पाहुणा, तिथे आपण त्याला वीस मिनिटं रटरट शिजवतो. आणि मोरीत त्याला निवांत वेळ द्यायला हवा, तर तिथे उरकून टाकतो.

माझी फजिती सांगते. लग्न होऊन सोलापुरात आले, त्या पहिल्याच महिन्यात सासऱ्यांना पालकाचा गरगट्टा, म्हणजे डाळीत घोटलेली भाजी, वाढला. दुसऱ्या घासाला ते चावायचे थांबले. बोलले काही नाहीत, फक्त ताकाचा पेला जवळ ओढला. कचकच! आणि मी तर भाजी दोनदा धुतलेली. चूक दाखवली ती शेजारच्या अक्कांनी. त्या पद्मशाली, घरात तेलुगू. पालकूर पप्पू, म्हणजे पालकाची डाळ, त्यांच्याकडे नेहमीचंच. त्या मला मोरीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, धू, मी बघते. मी पालक पातेल्यात बुचकळला आणि पातेलं चाळणीवर उपडं केलं. अक्का हसायलाच लागल्या. तळाशी बसलेली सगळी माती मी परत पानांवर ओतली होती.

आपली माती काळी, चिकट. ती पानावर कमी आणि देठ जिथे एकत्र येतात त्या बुडख्यात जास्त असते. म्हणून आधी सुतळी सोडा, बुडखा बोटभर कापून टाका, देठ सुटे करा. पिवळी, सडकी पानं याच वेळी निवडा. मग मोठ्या घमेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवा, हाताने हलवा आणि पाच मिनिटं तशीच राहू द्या. माती खाली बसते, पानं वर तरंगतात. आता दोन्ही हातांनी पानं उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या, आणि पाणी त्यानंतर ओता. घमेल्याच्या तळाशी बोट फिरवून बघा. रवाळ लागलं तर पुन्हा. पावसाळ्यात तिसऱ्या पाण्यालाही कधी कधी लागतं.

कळलं मला, काहीजणी एकमेकींकडे बघताय. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ही बाई तीन पाणी सांगतेय! अहो, शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते पुढच्या पेंडीला पहिलं पाणी म्हणून वापरा. आणि पहिलं गढूळ पाणी कुंड्यांना घाला, फक्त त्यात मीठ टाकलेलं नसावं.

धुवायचं ते चिरायच्या आधी. क जीवनसत्त्व आणि फोलेट, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, पाण्यात विरघळतात. चिरून भिजत घातलात, तर कापलेल्या कडांतून ते मोरीत जातात. धुतलेली पानं निथळून टॉवेलवर पसरा. सोलापूरच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा हाही एक उपयोग. लगेच करायची नसेल तर मात्र धुऊच नका. कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

आता मंडई. लक्ष्मी मार्केटात सकाळी गेलात तर पर्याय असतो. दुपारी उन्हात पाणी मारमारून ताजी ठेवलेली पेंडी मिळते. ती वरून टवटवीत आणि सुतळीखाली चिकट निघते. म्हणून बोट सुतळीच्या आत घाला आणि वास घ्या. भाजीवाल्या मावशी रागावतील, रागावू देत. देठ मोडून बघा, कट्कन मोडला पाहिजे. पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी. तेवढी पानं काढून बाकीची खुशाल वापरा. मधून जाड दांडा वर निघालेला असेल, तर पीक फुलावर चाललंय. ती भाजी चरबट लागते. उन्हाळ्यात असा दांडा लवकर धरतो, म्हणून पालक खावा तो थंडीत. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास मिळणाऱ्या पालकाची मजा मे महिन्यात नाही.

एक गंमत सांगते. आपल्या बाजारातला गुळगुळीत पानांचा देशी पालक वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बीटाचा भाऊ आहे. ‘ऑल ग्रीन’, ‘पुसा ज्योती’ या जाती त्यातल्याच. परदेशी पुस्तकांतला पालक वेगळा, त्याला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात. कुळ एकच, स्वयंपाकही तोच.

शिजवताना झाकण ठेवू नका. पानातली आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकण असलं की तिथेच कोंडतात आणि हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम काढून घेतात. मग भाजी शेवाळी दिसते. खायचा सोडा टाकला की रंग राहतो, पण क जीवनसत्त्व जातं आणि भाजी बुळबुळीत होते. मीठ शेवटी घाला. घमेलंभर पालकाची वाटीभर भाजी होते, आधी अंदाजाने मीठ घातलंत की खारट झालीच म्हणून समजा.

गरगट्ट्याला रंगाची पर्वा नाही, पण तिथेही क्रम आहे. तूरडाळ आणि शेंगदाणे आधी पूर्ण शिजवा. आंबट चुका सुरुवातीलाच टाकलात तर डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. मग पालक, चुका, हिरवी मिरची घालून पाच मिनिटं, आणि रवीने घोटायचं. मिक्सर नको, त्याची पेस्ट होते. वरून लसणाची सढळ फोडणी. बरोबर ज्वारीची कडक भाकरी असली की दुसरं काही लागत नाही.

लोहाचं म्हणाल, तर 100 ग्रॅम पालकात ते तीनेक मिलिग्रॅमच असतं, आणि त्यातलंही अंगी थोडंच लागतं. पालकाच्या भरवशावर रक्त वाढवायला निघू नका. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती घ्या. भाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा नको. तो लोह शोषू देत नाही. हे सोलापुरात सांगणं म्हणजे धाडसच.

मूतखड्याचं कुणीतरी विचारलं. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि बहुतेक खडे त्याचेच बनतात. ज्यांना तो त्रास आहे त्यांनी पालक भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून द्यावं. त्यातून बरंच ऑक्झलेट जातं. जोडीला दही-ताक घ्यावं. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. तरी किती खायचा, ते डॉक्टरांना विचारूनच. बाकीच्यांनी मात्र उकळून पाणी टाकू नये, फोलेट जवळजवळ निम्मं त्याबरोबर जातं. आणि घरात कुणी वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, घेत असेल, तर पालक एकदम वाढवायचाही नाही आणि एकदम बंदही करायचा नाही. त्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं.

बरं, बोलणं पुष्कळ झालं. तिकडे घमेलं भरून ठेवलंय आणि चार पेंड्या आणल्यात. मघाशी मागच्या रांगेतून बोललात ना, तुम्हीच या पुढे. सुतळी सोडा.