ज्या घराचा वास घरातल्यांना येत नाही

(दृश्य : जुलैचा पाऊस. कोपरखैरणेतील सिडकोच्या जुन्या घरांची गल्ली. पहिल्या मजल्यावरची बंद खिडकी. जाळीमागे तीन मांजरे.)

दोन लहान खोल्या, एक मोरी आणि पावसामुळे लावून घेतलेल्या खिडक्या. अशा घरात एका माणसाबरोबर तीस मांजरे राहू लागली, तर त्या माणसाच्या प्रकृतीचे काय होते, हे आपण पाहणार आहोत. पडद्यावरचे घर आणि त्यातील बाई कोणी विशिष्ट नाहीत; अशा घरांतून जे सहसा आढळते, ते येथे एकत्र मांडले आहे.

सुरुवात दयेने होते आणि ती दया खरी असते. पतीच्या निधनानंतर एकट्या पडलेल्या काकू गटारापाशी भिजत असलेली दोन पिल्ले घरी आणतात. मांजरीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो आणि पाच-सहा महिन्यांची मांजरही गाभण राहू शकते. त्यामुळे निर्बीजीकरण राहून गेले, की दोनाची वीस व्हायला फार दिवस लागत नाहीत.

केवळ संख्येवरून मात्र कोणालाही दोष देऊ नये. ठाण्यात आणि नवी मुंबईत पदरमोड करून भटक्या कुत्र्या-मांजरांना रोज खाऊ घालणारी, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घेणारी पुष्कळ माणसे आहेत आणि त्यांना ‘ॲनिमल होर्डिंग’ म्हणजे प्राण्यांचा अनावर संग्रह करण्याच्या विकाराचे नाव चिकटवणे अन्यायाचे आहे. ॲनिमल होर्डिंग तेथे सुरू होते, जेथे प्राण्यांना पुरेसे अन्न, स्वच्छता आणि उपचार मिळेनासे होतात आणि तरीही सांभाळणाऱ्याला सारे ठीकच वाटत राहते. अमेरिकेतील पशुवैद्यक गॅरी पॅट्रोनेक यांनी 1999 साली अशा 54 प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन-चतुर्थांश व्यक्ती स्त्रिया होत्या आणि जवळजवळ निम्म्यांनी वयाची साठी गाठलेली होती.

(दृश्य : ओलसर लादी, कोपऱ्यात भिजलेली वर्तमानपत्रे, पोपडे धरलेली भिंत.)

प्राण्यांच्या मूत्रात युरिया असतो. जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. मूत्र लादीच्या सांध्यांत, गादीत आणि भिंतीच्या गिलाव्यात मुरलेले असल्यामुळे वरवर फरशी पुसली तरी वायू सुटतच राहतो. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो; म्हणून जेथे ओलावा आहे, म्हणजे डोळे, नाक, घसा आणि श्वासनलिका, तेथे तो आधी झोंबतो. डोळे चुरचुरतात, खोकला हटत नाही, दमा असेल तर बळावतो. कारखान्यातील कामगारांसाठी अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेली सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग एवढी आहे; परंतु कामगार पाळी संपल्यावर घरी जातो, काकू तर चोवीस तास त्याच हवेत असतात.

त्याहून गंभीर बाब अशी, की सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. जिन्यात पदर नाकाला लावणारी शेजारीण खोटे बोलत नसते, आणि “मला तर काहीच वास येत नाही” असे सांगणाऱ्या काकूही खोटे बोलत नसतात.

मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भवती स्त्रीच्या बाळाला धोकादायक ठरू शकतो. विष्ठा बाहेर पडल्यानंतर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हेच मोठे संरक्षण असते आणि येथे नेमके तेच उरलेले नसते. गजकर्ण आणि पिसवा यांचा उपद्रव होतोच. उघड्यावर सांडलेल्या अन्नाला उंदीर येतात आणि पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे या भागाला वेगळे सांगायला नको.

(दृश्य : अर्धवट उघडलेले दार. उंबऱ्याबाहेर ठेवलेला गॅस सिलिंडर.)

काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत आणि ते पैसे मांजरांच्या खाण्यावर गेले आहेत. पलंग मांजरांना दिल्यामुळे त्या खुर्चीत झोपतात. कोणी आत येऊ नये म्हणून त्या प्लंबरला बोलावत नाहीत आणि नळ महिनोन्महिने गळत राहतो. अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने 2013 च्या निदानसूचीत संग्रहाच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले आणि प्राण्यांच्या संग्रहाचा त्यात वेगळा उल्लेख केला. म्हणून या घराकडे केवळ सोसायटीच्या तक्रारवहीतील एक तक्रार म्हणून पाहणे मला अपुरे वाटते.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आपल्याकडे आहे आणि उपासमार होणाऱ्या जिवांची सुटका झालीच पाहिजे. परंतु पिंजऱ्यांची गाडी गेल्यावर रिकाम्या घरात एकटे राहिलेले माणूस उपचाराविना राहिले, तर ते बहुधा पुन्हा पिल्ले गोळा करते. पशुवैद्यकाबरोबर मनोविकारतज्ज्ञही त्या दारात पोहोचायला हवेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर कुटुंबीयांनाही सल्ला मिळू शकतो. निर्बीजीकरण केलेली एक-दोन मांजरे देखरेखीखाली मागे ठेवता आली, तर काकू दार उघडण्याची शक्यता अधिक असते.

(दृश्य : उघडलेली खिडकी. धुतलेली लादी. बहिणीकडे आठवडाभर राहून परतलेल्या काकू जिना चढत आहेत.)

स्वच्छ हवेत काही दिवस गेले, की नाकाची ती सवय ओसरते. काकू दारातच थांबतात, पदर नाकाला लावतात आणि शेजारणीला विचारतात, “इतके दिवस असाच वास येत होता का गं?”