चाकोरीतलं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

गगनबावड्याकडं जाताना, पाऊस चार दिवस उघडला असेल तेव्हा, एखाद्या कच्च्या वाटेवर उतरा. लाकडं भरलेला ट्रॅक्टर गेलेला असतो, चाकोरीत पाणी साठून निवळलेलं असतं. वर झाड नाही, त्यामुळं दिवसभर ऊन. वाकून बघा. डासाच्या अळ्या शेपूट वर, डोकं खाली अशा तिरक्या लोंबताना दिसल्या, तर तो क्युलेक्स जातीचा डास. पाण्याला चिकटून काडीसारख्या आडव्या पडलेल्या असतील, तर ॲनोफेलिस. हिवताप पसरवतो तो हाच.

रान हटलं की थंडीताप हटतो, असं जुनी माणसं म्हणायची. ते सगळंच खोटं नाही बरं का. आग्नेय आशियातला ॲनोफेलिस डायरस सावलीतला डास. झाडी गेली की तो कमी होतो, रबराच्या बागांची सावली झाली की पुन्हा येतो.

अमेझॉनमध्ये मात्र गणित उलटं. तिथला ॲनोफेलिस डार्लिंगी रानाच्या कडेच्या उन्हातल्या पाण्यावर वाढतो. पेरूमध्ये इक्विटोस ते नौता रस्त्यालगत संशोधकांनी डासांचे चावे मोजले. 2006 साली आकडा छापून आला : जंगल तुटलेल्या जागी हा डास दाट जंगलापेक्षा 278 पट जास्त चावत होता!

ब्राझीलच्या रोंडोनियात 1980च्या दशकात बीआर-364 हा रस्ता डांबरी झाला आणि जमिनीच्या आशेनं दक्षिणेतले शेतकरी लोंढ्यानं आले. अंगात हिवतापाची सवय नाही, फटीफटींच्या फळ्यांचं घर, तेही ओढ्याकाठी. दवाखाना कुठं तरी लांब. पहिली काही वर्षं तापानं माणसं हैराण. पुढं घरं पक्की झाली, रान मागं सरलं, दवाखाने आले, तसा ताप उतरला. म्हणजे किंमत मोजली ती आधी आलेल्यांनी.

आपला राधानगरी-चंदगडचा पट्टा म्हणजे अमेझॉन नव्हे, उगाच घाबरायचं कारण नाही. पण दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडंही माणसं येऊन वसतातच की. ऊसतोडीच्या टोळ्या. कोप्या पडतात त्या पाटाच्या कडेला, कारण पाणी जवळ पाहिजे. डास माणसाच्या रक्तातूनच जंतू उचलतो, आणि कोपीला ना दार ना जाळी. टोळीतलं कुणी थंडी वाजून तापलं, तर "दमलाय, झोपू दे" म्हणू नका. त्याच दिवशी आरोग्यसेवकाला गाठून रक्ताचा नमुना द्यायला लावा. आणि उचल देताना मुकादमाच्या हातात दोन मच्छरदाण्याही ठेवा.